परदेशात गाडी चालवायचीय? जळगाव-धुळे-नंदुरबारकडून वारंवार येणारे प्रश्न

आपल्याकडची पोरं आता सगळीकडे आहेत, यावल-रावेरची गल्फला, शिरपूर-धुळ्याला इंजिनियरिंग केलेली जर्मनी-अमेरिकेला, कोणाची सून कॅनडात तर कोणाचा जावई लंडनला. मी स्वतः ९ वर्षं शारजात गाडी चालवली, आता भुसावळला असतो, आणि लायसन्सबद्दल जे मेसेज येतात ते बहुतेक तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. दंड आणि फी बदलत राहतात, म्हणून निघायच्या आधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा नजर टाकाच.

१. माझ्याकडे एमएच १९ चं पक्कं लायसन्स आहे, तेवढ्यावर बाहेर गाडी चालवता येते का?

सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, त्यामुळे नीट वाचा. तिथला कायदा आधी एवढंच बघतो की तुम्ही पाहुणे आहात की रहिवासी. फिरायला, मुलाकडे महिनाभर किंवा कंपनीच्या कामाला थोडे दिवस गेलात तर बऱ्याच देशांत भारतीय लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट यावर चालतं. पण तिथे राहायला गेलात, रेसिडन्स व्हिसा लागला, घराचा पत्ता नोंदवला, की त्या दिवसापासून मोजणी सुरू होते, कुठे १० दिवस, कुठे ६ महिने, कुठे वर्ष, आणि दुबईसारख्या ठिकाणी तर एक दिवसाचीही सवलत नाही. मुदत संपली की तुमचं भारतीय लायसन्स कितीही चालू असलं तरी तिथे तुम्ही विनालायसन्स, आणि अशात अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. म्हणून तुमची मोजणी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते लिहूनच ठेवा.

२. इंटरनॅशनल परमिट कुठे काढायचं, किती पैसे लागतात?

आपल्याच आरटीओत, जळगाव, धुळे, नंदुरबार जिथला पत्ता असेल तिथे. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, फॉर्म ४ए, सरकारी फी १००० रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो. परमिट एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढंच. जानेवारी २०२१ च्या बदलानंतर मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाची अट काढून टाकलीय, तरी असेल तर व्हिसाची झेरॉक्स सोबत ठेवा म्हणजे कोणी विचारलं तर चोपड्याहून जळगावला दुसरी चक्कर पडत नाही. आणि परमिट म्हणजे लायसन्स नव्हे, ते तुमच्या लायसन्सचं सगळ्यांना वाचता येईल असं भाषांतर आहे, दोन्ही सोबत असले तरच त्याला अर्थ.

३. लर्निंगवर परमिट मिळतं का? आणि लायसन्स फक्त मोटरसायकलचं असेल तर?

लर्निंगवर नाही. आणि परमिटवर तेवढेच प्रकार येतात जेवढे मूळ लायसन्सवर आहेत, फक्त टू-व्हीलरचं असेल तर कार चालवता येणार नाही. आधी इथे कारची टेस्ट द्या, मग निघा.

४. जीभाऊ, मन्हं लायसन जुनं पुस्तकवालं शे, ते चाली का?

अडचण येईल. पुस्तकवाल्या लायसन्सची नोंद ऑनलाइन सापडत नाही, ती आधी आरटीओतून सारथीवर चढवून घ्यावी लागते, मग स्मार्ट कार्ड, मग परमिट. याला वेळ लागतो, तिकीट काढायच्या आधी हे काम करा.

त्याच वेळी नावही तपासा. आपल्याकडे लायसन्सवर आडनाव पुढे, पासपोर्टवर मागे, एकावर वडिलांचं पूर्ण नाव तर दुसऱ्यावर नुसतं अक्षर, लग्नानंतर ताईंचं पासपोर्टवर एक आडनाव आणि लायसन्सवर दुसरं, असं घरोघरी आहे. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात हे आपल्याला माहीत, पण तिथल्या काउंटरवरच्या माणसाला दोन कागदांवर दोन नावं दिसली की तो गाडी देत नाही. पासपोर्टप्रमाणे लायसन्स दुरुस्त करून घ्या.

५. डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलं तर चालेल ना?

भारतात चालतं. बाहेर त्याच्या भरवशावर राहू नका, ओरिजिनल कार्ड खिशात पाहिजे.

६. परमिट तिकडेच संपलं तर? एका साइटवर ३ वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स मिळतंय, घेऊ का?

घेऊ नका. भारतीय लायसन्सवरचं परमिट भारत सरकारच देतं आणि ते एक वर्षाचंच असतं, त्यामुळे ३ वर्षांचं, ५ वर्षांचं असं जे विकतात तो पैसे काढायचा धंदा आहे, पोलिसाने पकडलं तर त्या कार्डाला काही किंमत नाही. परमिट बाहेर असताना संपलं तर भारतीय दूतावासातून अर्ज करायची सोय २०२१ पासून आहे, तो अर्ज इथल्या आरटीओकडे येतो. पण हे पाहुण्यांसाठी. तुम्ही तिथे रहिवासी झाला असाल तर नवीन परमिट काढून मुदत वाढत नाही, पहिला प्रश्न बघा.

७. दुबई, शारजा, अबुधाबीत लायसन्स बदलून मिळतं का?

ठराविक देशांची लायसन्स तिथे थेट बदलून देतात, त्या यादीत भारत नाही. रेसिडन्स लागल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फाइल उघडायची, डोळे तपासायचे, थिअरी द्यायची (दुबईत हिंदीत देता येते), मग पार्किंगची टेस्ट आणि रोड टेस्ट. दुबईत गोल्डन चान्स नावाची सोय आहे, जुनं लायसन्स असलेल्याला क्लास न करता एकदाच थेट टेस्ट देता येते, नापास झालात तर नेहमीच्या रांगेत. माझं मत विचाराल तर १५ वर्षं गाडी चालवलेल्यानेही तो चान्स वापरायच्या आधी दोन-चार तास शिकवणी घ्यावी, कारण तिथे नापास करतात ते हात वाईट म्हणून नाही, आरशात न बघितल्याबद्दल आणि लेन बदलताना खांद्यावरून मागे न पाहिल्याबद्दल. आपल्याकडे या दोन गोष्टी कोणी शिकवलेल्याच नसतात.

दंड लक्षात ठेवा. सिग्नल तोडला तर १००० दिरहम, १२ ब्लॅक पॉइंट (चुकीबद्दल लायसन्सवर चढणारे गुण) आणि गाडी ३० दिवस जप्त. हातात मोबाइल, ८०० दिरहम आणि ४ पॉइंट. सीटबेल्ट मागच्या सीटवाल्यांनाही सक्तीचा, नाही लावला तर ४०० दिरहम आणि ४ पॉइंट, आणि ते ड्रायव्हरच्या नावावर चढतात. झेब्रावर माणसाला जाऊ दिलं नाही तर ५०० आणि ६. २४ पॉइंट झाले की लायसन्स काढून घेतात. १० वर्षांखालचं पोरगं पुढच्या सीटवर बसवायचं नाही, ४ वर्षांपर्यंत चाइल्ड सीट. आणि एक फरक पुष्कळांना महागात पडतो, दुबईत बोर्डावरच्या वेगाच्या वर २० पर्यंत कॅमेरा सोडून देतो पण अबुधाबीत ही सूट २०१८ मध्येच बंद झालीय, तिथे बोर्डावर आहे तेवढंच. दारू पिऊन गाडी, थोडी का असेना, अजिबात नाही.

८. सौदीत काय पद्धत आहे? बायकांना चालवता येते का?

येते, जून २०१८ पासून. व्हिजिटवर गेलेल्याला परमिटवर चालवता येतं, इकामा (तिथला राहायचा परवाना) झाला की सौदी लायसन्स काढायचं. दंड साहेर नावाच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी लागतात आणि तिथल्या सरकारी अबशेर ॲपवर दिसतात, दर आठवड्याला उघडून बघायची सवय ठेवा. शहराबाहेर रात्री उंट रस्त्यात येतात, काळोखात त्याचे नुसते पाय दिसतात आणि तेही शेवटच्या क्षणाला, म्हणून रात्रीचा लांबचा प्रवास जमेल तेवढा टाळा.

९. भाऊ ट्रक चालवतो, धुळ्याच्या हायवेवर १० वर्षं झाली, एजंट म्हणतो भारतीय हेवी लायसन्सवर लगेच ट्रेलर देतील. खरं का?

हे ऐकलं की मला काळजी वाटते. हेवी गाडीला तिकडचं हेवी लायसन्स लागतं, ते काढायला वेळ आणि पैसा लागतो, आणि ते होईपर्यंत पगार काय मिळणार, राहायचं कुठे, क्लास आणि टेस्टचा खर्च कोण करणार, पगारातून कापणार का, हे करारात लिहिलेलं पाहिजे. मी पाहिलेली पोरं आहेत, ट्रेलर चालवायला म्हणून गेली आणि लायसन्स होईना म्हणून ५-६ महिने गोदामात माल उचलत राहिली, घरी मात्र हप्ता सुरू झालेला.

निघायच्या आधी एवढं बघा. एजंटचा नोंदणी नंबर सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर सापडतो का. सरकारी नियमाप्रमाणे एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, दीड-दोन लाख मागत असेल तर तिथेच उठा. पासपोर्टवर ईसीआर (नोकरीला बाहेर जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा) असेल तर गल्फसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तो टाळून टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. प्रवासी भारतीय विमा योजना दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत होते, १० लाखांचं कव्हर आहे. व्हिसावर धंदा काय लिहिलाय तेही वाचून घ्या, लेबर लिहिलं असेल तर ड्रायव्हरचं लायसन्स काढताना अडू शकतं. आणि डिलिव्हरी बॉय म्हणून चाललेल्यांनो, तुम्हालाही मोटरसायकलचं वेगळं लायसन्स लागतं, कारच्या लायसन्सवर बाइक चालत नाही.

१०. पोरगी जर्मनीला एमएस करतेय, तिचं भारतीय लायसन्स किती दिवस चालेल?

तिथे राहायला लागल्यापासून ६ महिने, आणि तेवढ्या काळात सोबत परमिट किंवा मान्यताप्राप्त भाषांतर पाहिजे. पुढे भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, मात्र ठराविक तासांच्या क्लासची सक्ती नाही कारण तुमच्याकडे आधीचं लायसन्स आहे. डोळ्यांची तपासणी आणि फर्स्ट एडचा एक दिवसाचा कोर्स लागतो. थिअरी इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. परीक्षा गिअरच्या गाडीवरच द्या असं मी सगळ्यांना सांगतो, नुसत्या ऑटोमॅटिकवर शिकून दिली तर लायसन्सवर ऑटोमॅटिकचाच शिक्का बसतो. एक अपवाद फार कमी जणांना माहीत असतो, एकूण मुक्काम १२ महिन्यांच्या आतच आहे असं दाखवता आलं तर ६ महिन्यांची मुदत वाढवून मागता येते. ६ महिन्यांनंतर चालवत राहिलात तर तो नुसता दंडाचा मामला नाही, तो गुन्हा धरतात आणि विद्यार्थ्याच्या रेकॉर्डवर तसलं काही नको.

दोन नियम आपल्याला अगदी नवे. गल्लीबोळात बोर्ड नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो सायकलवाला का असेना. आणि हायवेवर गाड्या तुंबल्या की सायरन ऐकू यायच्या आधीच सगळ्यात डाव्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून ॲम्ब्युलन्सला मधे वाट करून द्यायची. मी पहिल्यांदा ती वाट उघडताना पाहिली तेव्हा मला जळगावच्या हायवेवर मागे ओरडत अडकलेली ॲम्ब्युलन्स आठवली.

११. अमेरिकेत किती दिवसांत लायसन्स काढायचं?

राज्य बदललं की नियम बदलतो. राहायला आल्यापासून कॅलिफोर्नियात १० दिवस, न्यूयॉर्कला ३०, न्यू जर्सीत ६०, टेक्सासला ९०. व्हिसावर असाल तर लायसन्सची तारीख बऱ्याच ठिकाणी व्हिसाच्या कागदांशी बांधलेली असते, म्हणजे व्हिसा वाढवला की लायसन्सही वाढवून घ्यायचं, हे विसरलेले मी खूप पाहिलेत.

स्टॉपच्या पाटीला चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता सामसूम असला तरी. स्कूल बसचे लाल दिवे लागले की मागच्यांनी तर थांबायचंच, मधे डिव्हायडर नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. आणि पोलिसाने मागून लाइट लावले तर कडेला घ्या, गाडीत बसून राहा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. आपल्याकडे आपण लगेच उतरून "साहेब साहेब" करत त्याच्याकडे जातो, तिथे तसं कधीच करू नका, कागद काढायलाही आधी विचारा.

१२. लंडन आणि कॅनडाचं सांगा.

इंग्लंडमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं, त्यानंतर प्रोव्हिजनल (तिथलं लर्निंग) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल. थिअरीत ५० पैकी ४३ बरोबर लागतात, शिवाय व्हिडिओवर धोका ओळखायची वेगळी परीक्षा असते. वर्ष आहे म्हणून निवांत राहू नका, प्रॅक्टिकलची तारीख मिळायलाच महिने जातात.

कॅनडातही प्रांतागणिक वेगळं, ऑन्टारिओत ६० दिवस. इथे एक कागद फार कामाचा, तुम्ही किती वर्षं लायसन्सधारक आहात याचा उतारा, डीएल एक्स्ट्रॅक्ट. तो दाखवून अनुभव सिद्ध झाला तर मधली थांबायची मुदत कमी होते आणि लवकर रोड टेस्ट देता येते. हा उतारा इथून निघतानाच काढा, तिथे गेल्यावर मग काकांना नाहीतर मामांना आरटीओत उभं राहावं लागतं.

१३. असे देश आहेत का जिथे आपलं परमिट चालतच नाही?

आहेत. भारताचं परमिट रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे आहे. चीन परमिट मानतच नाही. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं मानतं, त्यामुळे तिथे फिरायला जाऊन स्कूटर भाड्याने घेणारी आपली पोरं खरंतर विनालायसन्स असतात, आणि भाड्याने देणारा हे सांगत नाही. पाय मोडला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स याच मुद्द्यावर क्लेम नाकारू शकतो. जपानमध्ये परमिट चालतं, देशात आल्यापासून एक वर्ष, पण तिथे राहणाऱ्याने सुट्टीला इथे येऊन ३ महिन्यांच्या आत परत जाऊन नवं परमिट दाखवलं तर वर्ष पुन्हा सुरू होत नाही. लायसन्स बदलायची जपानची परीक्षाही ऑक्टोबर २०२५ पासून कडक झालीय, १० प्रश्नांच्या जागी ५०.

१४. उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटते, सवय कशी होते?

होते, पंधरा दिवसांत हात बसतो. गल्फ, जर्मनी, अमेरिका, कॅनडा उजवीकडून, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर आपल्यासारखे डावीकडून. एकच खूण लक्षात ठेवा, ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो, तुम्ही फुटपाथच्या बाजूला बसलेले असाल तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. इंडिकेटरची दांडी आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत उजवीकडे असते, तिथे डावीकडे, त्यामुळे पहिले काही दिवस वळताना वायपर सुरू होतो, होऊ द्या, घाबरू नका.

खरी चूक गर्दीत होत नाही, पुढच्या गाडीमागे माणूस बरोबर जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून, पार्किंगमधून बाहेर पडताना. माझी तशीच झाली, महिना झाला होता, मला सगळं येतं असं वाटायला लागलं होतं, पहाटे साडेपाचला पंपातून निघालो आणि हात आपोआप डाव्या बाजूला वळला, ३००-४०० मीटर तसाच गेलो आणि समोरून पाण्याचा टँकर. त्याने ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहितोय. त्यानंतर कित्येक महिने मी पंपातून निघताना मोठ्याने बोलायचो, "उजवीकडे, उजवीकडे". तुम्हीही बोला, बाजूला कोणी बसलं असेल तर त्यालाही बोलायला सांगा.

गोल चौकात उजवीकडून चालणाऱ्या देशांत डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, इंग्लंडमध्ये उजवीकडून येणाऱ्याला. हॉर्न आणि डिपर हे आपल्याकडे बोलायचं साधन आहे, "येतोय हां" म्हणायला मारतो, तिथे ते शिवी दिल्यासारखं लागतं. आणि एक्झिट चुकली तर पुढच्या एक्झिटने फिरून या, रिव्हर्स घेणारे मरतात.

१५. अपघात झाला तर आपसात मिटवायचं की पोलिसांना बोलवायचं?

पोलिसांना बोलवा. यूएई (दुबई, शारजा, अबुधाबी) आणि इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, जर्मनीत ११०, ॲम्ब्युलन्सला ११२. यूएईत पोलीस रिपोर्टशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. सौदीत कोणाला लागलेलं नसेल आणि इन्शुरन्स असेल तर नजमला (अपघाताची पाहणी करणारी तिथली कंपनी) फोन करायचा. कोणाला काही झालं असेल तर जागा सोडून जाऊ नका, पळाला म्हटलं की साधी चूकसुद्धा मोठा गुन्हा होते. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, भाषांतर मागा, पासपोर्ट कोणाला देऊ नका, आणि प्रकरण वाढलं तर दूतावासाला फोन किंवा परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार.

१६. बाहेर असताना भारतीय लायसन्स संपलं. आता?

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत रिन्यू होतं, त्यापुढे गेलं की पुन्हा टेस्ट. तेव्हा सुट्टीला याल तेव्हा तारीख बघा आणि पुढच्या वर्षभरात संपत असेल तर आत्ताच करून घ्या. चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. आणि सुट्टीत इथे नुसतं दुबईचं लायसन्स दाखवून फटफटी चालवू नका, इथे आपलंच लागतं.

१७. माझा मुलगा कुवेतला असतो, मी फोन केला की तो गाडी चालवतानाच व्हिडिओ कॉल उचलतो, त्याला कसं सांगू?

हा प्रश्न अमळनेरच्या एका मावशींनी विचारला आणि मग तसेच आणखी चार आले. मावशी, तो उचलतो कारण फोन तुमचा आहे, दुसऱ्या कोणाचा असता तर कदाचित सोडला असता. म्हणून वेळ आपण बदलायची. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला देवाजवळ दिवा लावून तुम्ही फोन हातात घेता, तेव्हा दुबईत सहा वाजलेले असतात, कुवेत-सौदीत पाच, म्हणजे नेमकी ड्युटी सुटून सगळे रस्त्यावर असतात. व्हिडिओत मागे सीटबेल्ट दिसला की काही न बोलता लगेच कट करा, रागावू नका, तो घरी पोचला की स्वतः लावेल. माझी आईसुद्धा आधी साडेसातलाच करायची, टँकरची गोष्ट कळली तेव्हापासून रात्री जेवण उरकून साडेनऊला करायला लागली, तोपर्यंत माझी गाडी खाली लावलेली असायची.